ठरवणार रुग्ण, मोजणार कोण? – इरिहापेती रॅम्सडेन यांचा प्रबंध वाचताना

सन्मानपूर्वक सेवा, रुग्णाच्या संस्कृतीचा आदर, डॉक्टर-नर्सचं वागणं – पब्लिक हेल्थ, नर्सिंग किंवा समाजकार्यात पीएचडीची तयारी करणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी या विषयापाशी येऊन थांबतंच. थांबलं की सिनॉप्सिसचा साचा जवळजवळ तयार असतो. एक प्रशिक्षण घ्यायचं, आधी एक प्रश्नावली, नंतर तीच प्रश्नावली, दोन्हींतला फरक पेअर्ड टी-टेस्टने तपासायचा, पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली की प्रशिक्षण परिणामकारक. गाईड खूश, कमिटी खूश, डेटा तीन महिन्यांत हातात.

हा साचा सगळीकडेच वाईट असतो असं नाही. इंजेक्शन देण्याचं तंत्र शिकवलं तर आधी-नंतर तपासून बरंच काही कळतं. पण आज ज्या विषयाबद्दल लिहितोय तिथे तो अगदी मुळातच मोडतो, आणि का मोडतो हे समजायला या विषयाच्या उगमाशी जावं लागतं. उगम न्यूझीलंडमध्ये आहे. म्हणून आज एका प्रबंधाबद्दल: इरिहापेती रॅम्सडेन, व्हिक्टोरिया युनिव्हर्सिटी ऑफ वेलिंग्टन, २००२. नाव 'कल्चरल सेफ्टी अँड नर्सिंग एज्युकेशन इन आओतेआरोआ अँड ते वाइपोउनामु'.

शीर्षकापाशीच जरा थांबा. आओतेआरोआ हे माओरी भाषेतलं न्यूझीलंडचं नाव, ते वाइपोउनामु म्हणजे दक्षिण बेट. 'न्यूझीलंड' हा शब्द शीर्षकात नाहीच. रॅम्सडेन स्वतः माओरी, न्गाई ताहू आणि रांगिताने या समूहांतल्या. व्यवसायाने नर्स, पुढे नर्सिंगच्या शिक्षिका. देशाला कुठल्या नावाने हाक मारायची हे त्यांनी पहिल्या पानावर ठरवून टाकलंय, आणि पुढचा सगळा प्रबंध त्याच प्रश्नाचा विस्तार आहे: नाव ठेवण्याचा, व्याख्या करण्याचा, 'हे बरोबर झालं' असं म्हणण्याचा अधिकार कुणाचा?

गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या टीकेला ती लागेल. १९८० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांच्या आरोग्याचे आकडे गोऱ्या लोकांपेक्षा स्पष्ट वाईट होते, आणि माओरी रुग्ण दवाखान्यापासून लांब राहत होते. १९८८ मध्ये क्राइस्टचर्चला माओरी नर्सिंग विद्यार्थिनी आणि शिक्षिकांची एक 'हुई', म्हणजे सभा भरली. तिथे पहिल्या वर्षाच्या एका माओरी विद्यार्थिनीने विचारलं की कायदेशीर सुरक्षितता, नैतिक सुरक्षितता, क्लिनिकल सुरक्षितता हे सगळं तुम्ही शिकवता, मग सांस्कृतिक सुरक्षिततेचं काय? हा शब्द तिथून आला. प्राध्यापकाकडून नाही, पहिल्या वर्षाच्या मुलीकडून. १९९० मध्ये रॅम्सडेन यांनी 'कावा फाकारुरुहाउ' नावाचा दस्तऐवज लिहिला आणि १९९२ मध्ये न्यूझीलंडच्या नर्सिंग कौन्सिलने मार्गदर्शक तत्त्वं काढून हा विषय नर्स आणि मिडवाइफ यांच्या शिक्षणात सक्तीचा केला.

त्या विद्यार्थिनीने 'सुरक्षितता' हाच शब्द का धरला, याकडे बहुतेक लेख लक्ष देत नाहीत. आदर, संवेदनशीलता, समज हे शब्द होतेच की. पण नर्सिंगमध्ये 'असुरक्षित' या शब्दाला वजन आहे. ज्या नर्सचा औषधाचा डोस चुकतो ती 'कमी संवेदनशील' नसते, ती असुरक्षित असते, आणि तिला नोंदणी मिळत नाही. संवेदनशीलता हा गुण आहे, असला तर उत्तम. सुरक्षितता ही किमान अट आहे. रॅम्सडेन यांनी अपमानाला चुकीच्या डोसच्या रांगेत नेऊन बसवलं. म्हणून तर एवढं वादळ उठलं. १९९३ पासून वृत्तपत्रांत गदारोळ झाला, हे नर्सिंग आहे की राजकारण असे प्रश्न विचारले गेले, १९९५ मध्ये संसदेच्या समितीने चौकशी केली, १९९६ मध्ये कौन्सिलने तत्त्वं सुधारून पुन्हा काढली. नुसता 'आदर' शिकवला असता तर संसदेपर्यंत कशाला गेलं असतं कुणी?

आता संकल्पनेकडे. रॅम्सडेन तीन पायऱ्या मांडतात: जाणीव, मग संवेदनशीलता, मग सुरक्षितता. जाणीव म्हणजे समोरचा माणूस वेगळा आहे हे लक्षात येणं. संवेदनशीलता म्हणजे त्या वेगळेपणाला मान्यता देणं आणि त्याच वेळी स्वतःकडे बघायला लागणं: माझी भाषा, माझी जात-वंश-वर्ग, माझ्या हातातली सत्ता याचा समोरच्यावर काय परिणाम होतोय? आणि तिसरी पायरी, सुरक्षितता, ही नर्सने चढायची नाहीच. ती रुग्णाने द्यायची. सेवा सुरक्षित होती की नाही हे ज्याला ती मिळाली तो माणूस किंवा त्याचं कुटुंब ठरवणार. हे वाक्य नर्सिंग कौन्सिलच्या व्याख्येतही आलं आणि पुढे असंख्य पेपरांच्या पहिल्या परिच्छेदातही.

याच्या शेजारी अमेरिकन नर्स-मानववंशशास्त्रज्ञ मॅडेलिन लायनिंगर यांची 'ट्रान्सकल्चरल नर्सिंग' ठेवली की फरक चटकन दिसतो. तिथे नर्सने रुग्णाची संस्कृती शिकायची असते: ते काय खातात, बाळंतपणाच्या रीती काय, मृत्यूनंतर काय करतात. रॅम्सडेन यांची दिशा उलटी. माओरी रीतिरिवाजांची यादी पाठ करून येणाऱ्या नर्सबद्दल त्या साशंकच होत्या. अभ्यास नर्सचा व्हायला हवा, तिच्या इतिहासाचा, आणि १८४० च्या वायतांगी तहानंतर त्या देशात जमीन आणि सत्ता कशी एका बाजूला सरकत गेली त्याचा.

यादी पाठ करण्याचा धोका किती खरा आहे याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण आर्थर क्लाइनमन आणि पीटर बेन्सन यांच्या २००६ च्या 'पीएलओएस मेडिसिन'मधल्या लेखात आहे. कॅलिफोर्नियात एक मेक्सिकन माणूस. एचआयव्ही पॉझिटिव्ह, बायको वर्षभरापूर्वी एड्सने गेलेली, चार वर्षांचा मुलगाही पॉझिटिव्ह. तो मुलाला नियमित दवाखान्यात आणत नव्हता. डॉक्टरांनी निष्कर्ष काढला की आजाराबद्दलची याची सांस्कृतिक समज वेगळी असणार, आणि मानववंशशास्त्रज्ञाला बोलावलं. निघालं काय? त्याला आजार आणि उपचार दोन्हींची जवळजवळ पूर्ण माहिती होती. तो अगदी कमी पगारावर बस चालवायचा, रात्रीच्या शिफ्ट करायचा, आणि डॉक्टर म्हणतील तितक्या वेळा मुलाला घेऊन यायला त्याच्याकडे वेळच नव्हता. इथे डॉक्टरांमध्ये सांस्कृतिक जाणीव कमी नव्हती, उलट जास्त होती. प्रश्नावलीत त्यांना उत्तम मार्क पडले असते.

हे लक्षात ठेवा आणि आता प्रशिक्षणांवरच्या संशोधनाकडे वळू. २०१४ मध्ये हॉरवाट आणि सहकाऱ्यांचा कॉक्रेन रिव्ह्यू आला, विषय आरोग्य कर्मचाऱ्यांना दिलेलं कल्चरल कॉम्पिटन्सचं शिक्षण. जगभरातून निकषात बसणाऱ्या चाचण्या सापडल्या फक्त पाच: तीन अमेरिकेतल्या, एक कॅनडातली, एक नेदरलँड्समधली. त्यांत ३३७ कर्मचारी आणि ८४०० रुग्ण. रुग्णाचा उपचारातला सहभाग वाढल्याचा थोडासा पुरावा, तोही कमी दर्जाचा. आजाराच्या परिणामांत फरक दिसला नाही. आणि प्रशिक्षणामुळे काही अपाय झाला का, हे पाचांपैकी एकाही चाचणीने तपासलं नव्हतं.

शेवटच्या वाक्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. औषधाची चाचणी साइड इफेक्ट न मोजता केली तर एथिक्स कमिटी दारातूनच परत पाठवेल. पण प्रशिक्षणाने अपाय होऊ शकतो हे आपल्या डोक्यातच येत नाही. शिक्षण म्हणजे चांगलंच, झालं तर भलं नाही तर काही नाही. त्या बस ड्रायव्हरचे डॉक्टर आठवा. 'अमुक समाजाचे लोक असे असतात' हे शिकून आलेली नर्स न शिकलेल्या नर्सपेक्षा जास्त आत्मविश्वासाने चुकू शकते. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये या अपायासाठी एखादा तरी व्हेरिएबल ठेवलात तर तो लिटरेचरमधल्या खऱ्याखुऱ्या गॅपमध्ये जाऊन बसेल. (दर सिनॉप्सिसमध्ये असतो तो 'महाराष्ट्रात यावर अभ्यास झालेला नाही' हा गॅप मी धरत नाही.)

तर मुख्य मुद्दा असा. रॅम्सडेन यांनी निर्णयाची खुर्ची नर्सकडून उचलून रुग्णाकडे ठेवली. सगळ्यांनी शब्द उचलला, व्याख्या उचलली. न्यूझीलंडच्या मेडिकल कौन्सिलने २०१९ मध्ये 'कल्चरल कॉम्पिटन्स'च्या पुढे जाऊन 'कल्चरल सेफ्टी' हा शब्द अधिकृत निवेदनात आणला; त्याच वर्षी एलाना कर्टिस आणि सहकाऱ्यांनी आरोग्यातली विषमता कमी करायची तर कॉम्पिटन्स पुरत नाही, सेफ्टीच हवी, असा सविस्तर रिव्ह्यू लिहिला. शब्द बदलले. मोजायचं साधन मात्र पुष्कळदा जुनंच राहिलं: प्रशिक्षणार्थीने स्वतःच स्वतःबद्दल भरलेली लिकर्ट स्केल. 'मी सर्व रुग्णांशी समान आदराने वागते' – पूर्णपणे सहमत, सहमत, तटस्थ... व्याख्येत ठरवणारा रुग्ण आणि मेथडॉलॉजीच्या प्रकरणात ठरवणारा कर्मचारी, एकाच प्रबंधात, तीसेक पानांच्या अंतरावर. व्हायवाला परीक्षकाने एवढाच प्रश्न विचारला तर उत्तर काय देणार?

आणि अशा स्केलचं एक अगदी साधं दुखणं आहे. 'पूर्णपणे सहमत' हे उत्तर प्रशिक्षणाआधीच येतं. समान वागणूक द्यावी की नाही, यावर सरकारी दवाखान्यातला कोण कर्मचारी 'असहमत' लिहून देईल? आकडा आधीच छताला टेकलेला असतो, वर जायला जागाच नसते. तरी जो काही वाढतो तो बहुधा कार्यशाळेत काय ऐकायला आवडतं हे कळल्यामुळे.

पण रॅम्सडेन यांनाही सोडायला नको. समीक्षा म्हणजे आरती नव्हे. खुर्ची रुग्णाला दिली, पण रुग्ण तिथे बसून बोलणार कसा, कुणासमोर, केव्हा, कशाची भीती न बाळगता, याची यंत्रणा या संकल्पनेत नाही. कॉलेजच्या पातळीवर तर विरोधाभास उघडाच पडतो. विषय सक्तीचा केला म्हणजे परीक्षा आली, परीक्षा आली म्हणजे पास-नापास आलं, आणि एखादी विद्यार्थिनी सांस्कृतिकदृष्ट्या असुरक्षित आहे हे शेवटी ठरवणार कोण, तर शिक्षक. रुग्ण नव्हे. ज्या सत्तेच्या उतरंडीवर ही संकल्पना बोट ठेवते ती उतरंड वर्गात जशीच्या तशी उभी राहू शकते, फक्त या वेळी पायथ्याशी विद्यार्थिनी असते. १९९३ नंतरच्या गदारोळात द्वेष होता, पूर्वग्रह होता, हे मान्य. पण हा एक प्रश्न त्या गदारोळाखाली दबून गेला आणि तो रास्त होता असं माझं मत आहे.

दुसरी गोष्ट, व्याख्येचा विस्तार. सुरुवातीला भर माओरी आरोग्य आणि वायतांगी तहावर होता. पुढे 'संस्कृती'त वय, लिंग, लैंगिक कल, व्यवसाय आणि आर्थिक स्थिती, स्थलांतराचा अनुभव, धर्म, अपंगत्व हे सगळं आलं. तत्त्व म्हणून उत्तम. पण छत्री एवढी मोठी झाली की तिच्याखाली तहाचं नाव न घेताही उभं राहता येतं. वयस्कर रुग्णाशी मोठ्याने बोललो, झाली सांस्कृतिक सुरक्षितता. विस्ताराने संकल्पना स्वीकारार्ह झाली आणि तिची धार थोडी बोथट झाली, दोन्ही एकदम. आपल्याकडे काय होईल याचा अंदाज यावरून बांधता येतो, त्याकडे येतोच.

त्याआधी प्रबंधाच्या लेखनशैलीबद्दल, कारण तुमच्यापैकी काहींना त्याचा थेट उपयोग आहे. रॅम्सडेन ही गोष्ट स्वतःच्या आयुष्यातून सांगतात. ही गोष्ट वैयक्तिक आहे आणि सार्वजनिकही, हे त्या सुरुवातीलाच बजावतात. संकल्पना ज्यांनी घडवली त्याच तिचा इतिहास लिहितायत. परीक्षकाची भुवई उंचावणारच. पण आजकाल प्रबंधात 'पोझिशनॅलिटी'चा एक परिच्छेद टाकायची जी पद्धत पडली आहे (मी अमुक जातीची, शहरी, सुशिक्षित, याची मला जाणीव आहे, आणि पुढच्या पानापासून जणू काही झालंच नाही), तिच्याशी तुलना करा. रॅम्सडेन यांचा 'मी' युक्तिवाद पुढे नेतो. त्यांचं घराणं, त्यांचं नर्सिंगचं शिक्षण हे सगळं वसाहतीच्या इतिहासात ठेवून त्या दाखवतात की ज्याला व्यवसाय 'तटस्थ' म्हणतो ते कुणाच्या घरचं तटस्थ आहे. याची किंमतही आहे: आपल्या विरोधकांबद्दल लिहिताना लेखिका स्वतः त्या लढाईत होती हे वाचक विसरू शकत नाही, आणि विसरूही नये. असा प्रबंध लिहायचा तर विरोधी बाजूचे कागद तुम्हाला दुप्पट कष्टाने जमवावे लागतील.

आता आपल्याकडे. पहिली अडचण भाषेची. 'कल्चरल सेफ्टी'चं 'सांस्कृतिक सुरक्षितता' केलं की मराठी कानाला काय ऐकू येतं? सांस्कृतिक म्हणजे गॅदरिंग, नाच-गाणी, फार तर खाद्यसंस्कृती. मग प्रशिक्षणातही तेच शिरतं: आदिवासी बांधवांची संस्कृती, त्यांचे सण, त्यांच्या समजुती, पंधरा स्लाइड. म्हणजे रॅम्सडेन यांनी ज्याला नकार दिला तेच त्यांच्या नावाने.

दुसरी अडचण खोल आहे. न्यूझीलंडमध्ये नर्स आणि रुग्ण यांच्यात भाषा, देव, पूर्वज सगळ्यांचाच फरक होता. आपल्याकडे जिल्हा रुग्णालयात आलेली बाई आणि तिला तपासणारी सिस्टर एकच भाषा बोलतात, पुष्कळदा एकच सण करतात, कदाचित एकाच तालुक्यातल्या असतात. फरक 'संस्कृती'चा नाहीच दिसत. फरक आडनाव ऐकल्यानंतर पडतो. तिथे 'सांस्कृतिक वैविध्य' या शब्दाने प्रशिक्षण दिलं तर जात हा शब्द न उच्चारता दोन दिवसांची कार्यशाळा सुखरूप पार पडते. २०१८ मध्ये आखलेलं आणि २०१९ च्या बॅचपासून एमबीबीएसला लागू झालेलं एटकॉम मॉड्यूल – वृत्ती, नीतिमत्ता, संवाद – हे चांगलं पाऊल आहे, मी त्याच्या बाजूचा आहे. पण संवादकौशल्य आणि सत्तेचा हिशेब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोड बोलून, डोळ्यात बघून, रुग्णाचं नाव विचारूनही त्याला हात न लावता परत पाठवता येतं.

हात न लावण्यावरून संघमित्रा आचार्य यांचा अभ्यास आठवतो. गुजरात आणि राजस्थानमधल्या काही गावांतल्या दलित मुलांना आरोग्यसेवा कशी मिळते यावरचा, २०१० चा. मेथडसाठी तो जरूर वाचा. त्यांनी आरोग्य कर्मचाऱ्यांना 'तुम्ही भेदभाव करता का' असं विचारून भागवलं नाही. दलित मुलांना विचारलं. आणि 'तुम्हाला आदर मिळाला का' असला गुळगुळीत प्रश्नही नाही. औषध देताना, तपासताना, थांबायला लावताना, बोलताना नेमकं काय झालं. कुणाकडून झालं, डॉक्टरकडून, एएनएमकडून की आणखी कुणाकडून. कुठल्या प्रकारे झालं – असे घटनांचे तुकडे पाडले. गोळी हातावर ठेवली की स्पर्श टाळून दिली, हे लहान मूलही अचूक सांगू शकतं. आचार्य यांनी स्वतःच्या कामाला सांस्कृतिक सुरक्षिततेचं लेबल लावलं नाही, पण 'ठरवणार रुग्ण' या वाक्याला मोजपट्टी द्यायची तर ती अशी दिसेल.

महाराष्ट्रातलं एक उदाहरण वेगळ्या बाजूने उपयोगी पडतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने रुग्णालय बांधलं ते आदिवासींना विचारून. नाव माँ दंतेश्वरी दवाखाना, देवीच्या नावाने. रचना झोपड्यांसारखी, रुग्णाबरोबर नातेवाइकांना राहता येईल अशी. बाहेरून येणारा पाहुणा झोपड्यांचा फोटो काढतो आणि 'संस्कृतीचा आदर' असं कॅप्शन टाकतो. संशोधकाने झोपडीपेक्षा आधीची पायरी बघावी: विचारलं गेलं, आणि उत्तराने इमारतीचा नकाशा बदलला. उत्तर मिळूनही काहीच बदलणार नसेल तर तो डेटा फक्त तुमच्या प्रबंधाच्या कामाचा.

आणि न विचारताच रुग्णाने दिलेलं उत्तर कसं असतं, तेही बघा. २०२० च्या सप्टेंबरमध्ये कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात, जोलिएतच्या रुग्णालयात आतिकामेक्व या मूलनिवासी समाजातली एक ३७ वर्षांची स्त्री, सात मुलांची आई, खाटेवरून आपल्या फोनवर फेसबुक लाइव्ह करत होती. त्यात कर्मचारी तिला टाकून बोलताना ऐकू येतात. त्याच दिवशी ती वारली. पुढच्या वर्षी कॉरोनरच्या अहवालात म्हटलं गेलं की वंशभेद आणि पूर्वग्रह यांचा या मृत्यूत वाटा होता. त्या रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना त्या आठवड्यात लिकर्ट स्केल दिली असती तर काय आलं असतं याचा अंदाज तुम्हीच करा.

राहिला सगळ्यात अवघड प्रश्न, तो म्हणजे रुग्णाला विचारायचं तर कसं. इथे बाळंतपणातल्या वागणुकीवरचं संशोधन पुढे आहे. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसूतीच्या वेळच्या अपमान आणि छळाविरुद्ध निवेदन काढलं, त्याच्या आगेमागे पुष्कळ मोजमाप झालं. टांझानियातला मार्गारेट क्रुक आणि सहकाऱ्यांचा अभ्यास मी प्रत्येक ज्युनियरला वाचायला लावतो. दवाखान्यातून बाहेर पडताना बायकांना विचारलं: अपमानास्पद वागणूक मिळाली का? सुमारे १९ टक्के हो म्हणाल्या. त्यांतल्याच काही बायकांना पाच ते दहा आठवड्यांनी पुन्हा गाठून विचारलं, तेव्हा सुमारे २८ टक्के. तेच बाळंतपण, तोच दवाखाना. बदलली ती विचारण्याची जागा आणि वेळ. बाळ सुखरूप हातात आलंय, कागदपत्रं अजून खिडकीवर अडकलीयत, अशा क्षणी कोण तक्रार करणार?

म्हणजे 'एक्झिट इंटरव्ह्यू घेतला, रुग्णाचा आवाज आला' असं लिहून सुटका नाही. घरी जाऊन विचारायचं ठरवलंत तर जाणार कोण? आपल्याकडे सोपा मार्ग म्हणजे गावच्या आशाताईंना बरोबर घेणं. घर त्यांना माहीत, बायका त्यांच्याशी बोलतात, गाईडही हेच सुचवतील. पण त्या बाईला दवाखान्यात घेऊन जाणारी बहुधा आशाताईच होती, आणि जननी सुरक्षा योजनेत दवाखान्यातल्या बाळंतपणामागे आशाताईंना मोबदला मिळतो. सिस्टरबद्दल वाईट सांगितलं तर पुढच्या वेळी बरोबर कोण येईल, हा हिशेब ती बाई मनात करणार. आणि त्याच सिस्टरपुढे आपल्याला उद्या दुसरी बाई घेऊन उभं राहायचंय, हा हिशेब आशाताई करणार. आशाताईंशिवाय गेलात तर दार उघडेलच असं नाही, आणि उघडलं तर तुमचं आडनाव विचारलं जाईल. त्या उत्तरानंतर पुढचा इंटरव्ह्यू कसा जातो हे तुमच्या फील्ड नोट्समध्ये तारीखवार लिहून ठेवा. मेथडॉलॉजीच्या प्रकरणात त्याला जागा ठेवा, परिशिष्टात नको.